बसणे, जुळणे, रुळणे

यंत्रातला सुटा भाग आपल्या जागी गेला की मराठी कारागीर म्हणतो, 'बसला'. दोन भागांची रेष, रंग, माप एक झालं की म्हणतो, 'जुळलं'. आणि काही दिवस वापरून झाल्यावर, कुरकुर थांबून सगळं गुपचूप चालू लागलं, की म्हणतो, 'आता रुळलं'. हीच तीन क्रियापदं आपण माणसांनाही लावतो. पाहुणा बसतो, पत्रिका जुळते, सून रुळते. यंत्राकडून ही भाषा माणसांकडे आली की माणसांकडून यंत्राकडे गेली, ते भाषेच्या अभ्यासकांनी ठरवावं. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. जो भाग बसतो पण जुळत नाही, आणि तरीही वर्षानुवर्षं रुळलेला असतो, त्याला चुकीचा भाग म्हणायचं का? म्हणायचं असेल, तर तो कोणाच्या दृष्टीने चुकीचा?

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरातल्या ओतशाळांच्या वासात वाढलो आणि गेली बरीच वर्षं चेन्नईच्या पश्चिमेला, बंगळूरच्या महामार्गालगत, इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग तपासण्याचं काम करतो. हे गाव मोटारींमुळे ओळखलं जातं. ह्युंदाईने भारतात १९९६ मध्ये पाय ठेवला तो इथेच, आणि १९९८ मध्ये इथूनच सँट्रो रस्त्यावर आली. त्याच्याही आधी, १९९० पासून, इथे मोटार शर्यतींची धावपट्टी आहे. कारखान्यांना लागणारे लहानसहान भाग बनवणारी अनेक दुकानं आणि शेड आजूबाजूला आहेत. अशाच एका ठिकाणी माझं टेबल आहे. टेबलावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, आटे मोजायच्या पात्यांचा जुडगा आणि गेज. भोक तपासायच्या गेजला दोन टोकं असतात. एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की भाग पास. तो कोणी केला, कुठल्या पाळीत केला, करताना त्याच्या मनात काय होतं, यातलं काहीही गेज विचारत नाही. त्या न विचारण्यावरच आजची सगळी कारखानदारी उभी आहे.

ही कल्पना वाटते तितकी जुनी नाही. १८०१ साली एली व्हिटनी नावाच्या अमेरिकन उद्योजकाने वॉशिंग्टनमध्ये बड्या मंडळींसमोर बंदुकांच्या चापांचे सुटे भाग मांडले आणि कुठलाही भाग उचलून कुठल्याही बंदुकीत बसतो, असं दाखवलं. पुढे इतिहासकारांनी त्याच्या कारखान्यातल्या बंदुका उघडून पाहिल्या, तेव्हा भाग एकमेकांत बदलण्याजोगे नव्हतेच असं आढळलं. म्हणजे ज्या प्रयोगाने जगाला 'कुठलाही भाग कुठेही' हे स्वप्न दाखवलं, तो प्रयोगच बहुधा आधी जमवून आणलेला होता. ते स्वप्न मोटारींच्या बाबतीत चारचौघांत खरं झालं ते १९०८ मध्ये, इंग्लंडातल्या ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या पंचांनी कॅडिलॅकच्या तीन गाड्या पूर्ण सुट्या केल्या, सगळे भाग एकत्र कालवले, काही भाग काढून विक्रेत्याच्या साठ्यातले घातले, आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या करायला लावल्या. उभ्या राहिल्या त्या एकीच्या अंगावर दुसरीचा रंग घेऊन. तशाच त्या पाचशे मैल धावल्या. कॅडिलॅकला त्याबद्दल ड्यूअर करंडक मिळाला.

आमच्या इथे ब्रुकलंड्स रोज घडतं आणि कोणी टाळ्या वाजवत नाही. त्यामुळेच एका सहकाऱ्याने घरातल्या व्हॅक्युम क्लीनरचं एक जुनं तोंड माझ्या टेबलावर ठेवलं आणि "सर, यात ओरिजिनल काय आणि डुप्लिकेट काय, तेवढं सांगा" असं म्हटलं, तेव्हा मला ते नेहमीचंच काम वाटलं.

व्हॅक्युम क्लीनर आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत पोहोचला तो बराच उशिरा. १९८२ साली टाटा समूह आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्ज सुरू झाली, आणि टाय लावलेले विक्रेते दारोदार जाऊन गालिच्यावर मुद्दाम टाकलेली धूळ ओढून दाखवू लागले. माझ्या पुढ्यातली वस्तू त्याच्याही आधीची होती. लांब नळकांड्यासारख्या इंग्लिश यंत्राचं फरशीवर फिरवायचं तोंड. सहकाऱ्याचे वडील पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात फिटर होते. मायदेशी परतणाऱ्या कुण्या साहेबाचं सामान विकलं गेलं, त्यात त्यांनी ते यंत्र घेतलं होतं. वडील आता नाहीत. परगावचा एक संग्राहक यंत्र विकत घ्यायला तयार होता, फक्त त्याला सगळे भाग मूळचे हवे होते. अम्मांना, म्हणजे सहकाऱ्याच्या आईला, घराला रंग काढायचा होता.

परके भाग ओळखण्याची रीत सोपी असते, घाई मात्र चालत नाही. आधी लोहचुंबक. तोंडाचं मुख्य अंग ओतीव अॅल्युमिनियमचं, तिथे चुंबक धरत नाही. नळी जोडायची मान क्रोम चढवलेल्या पोलादाची, तिथे घट्ट धरतो. दोन्ही मूळचे. मग चाकं. एक चाक बॅकेलाइटचं, ठिसूळ, काळं, कडेला बारीक टवके गेलेलं. दुसरंही काळंच, पण नायलॉनचं, आणि व्यासाने थोडं मोठं. मग मळसूत्रं. चारांपैकी तीन पितळेची, सरळ खाचेची, इंग्लंडात लहान यंत्रांसाठी चालणाऱ्या बीए मापाची. व्यास ३.६ मिलिमीटर, आट्यांमधलं अंतर ०.६६. चौथं लोखंडी, फुलीच्या खाचेचं, मेट्रिक मापाचं. व्यास ४, अंतर ०.७. डोळ्याला हा फरक दिसत नाही. आटे मोजायचं पातं लावलं की पात्याच्या दातांमागून उजेड दिसतो. भारताने मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये केला. म्हणजे त्या एका मळसूत्रात देशाने बदललेलं मापही होतं.

ब्रशची पट्टी सागवानी होती आणि तिच्यात घोड्याच्या केसांऐवजी ताडाचा राठ तंतू बसवला होता. तमिळनाडूत ताडाच्या तंतूचे ब्रश घरोघरी असतात. शेवटी मानेच्या आत, नळी सैल पडू नये म्हणून, पितळी पत्र्याची एक पातळ पट्टी गुंडाळून घातलेली. मानेचं माप सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर. मूळची नळी कधीतरी गेली असणार आणि तिच्या जागी बारीक नळी आली असणार, तिच्यासाठी ही पट्टी. एकूण बारा भाग. मूळचे आठ, नंतरचे चार. मी कागदावर तसं लिहून दिलं.

झीज पाहणं हा या कामातला सगळ्यांत विश्वासू साक्षीदार. जात्याचे दोन दगड एकमेकांवर झिजतात. वरचा बदलला तर खालच्याला ते लगेच कळतं. इथेही अॅल्युमिनियमच्या खोबणीत जुन्या पट्टीच्या खुणा एका उंचीवर होत्या आणि सागवानी पट्टीच्या दुसऱ्या उंचीवर. पण पाहता पाहता आणखी एक गोष्ट दिसली. ते अंग एका बाजूला किंचित वाकलेलं होतं, बहुधा कधीतरी जिन्यावरून पडलं असावं. आणि सागवानी पट्टी त्या वाकाबरहुकूम, कानसेने घासून, तेवढीच वाकडी केलेली होती. नायलॉनचं चाक मोठं होतं तेही त्याच बाजूचं, कारण वाकल्यामुळे ती बाजू वर उचलली गेली होती. फिटरने अपघात दुरुस्त केला नव्हता. त्याने बाकीचे भाग अपघाताच्या मापाने घडवले होते.

इथून प्रश्न अवघड होतो. संग्राहकाने त्याच नमुन्याचं, पण अंग तडकलेलं दुसरं तोंड पाठवून दिलं. त्यातली ब्रशपट्टी, चाक आणि मळसूत्र काढून आपल्यात घालायचं, म्हणजे सगळं जुळेल. तसं केलं तर किंमत जवळजवळ दुप्पट. सहकाऱ्याला ते पटत नव्हतं. आप्पांच्या हातचे भाग उपटून काढायचे आणि कुठल्यातरी तिऱ्हाईत तोंडातले भाग घालून त्याला 'ओरिजिनल' म्हणायचं, हा कसला न्याय, असं तो म्हणे. बाहेरून आणलेले भाग त्या कारखान्याचे होते, पण त्या घराचे नव्हते. आप्पांचे भाग त्या घराचे होते, पण त्या कारखान्याचे नव्हते. मग अस्सल कोणते?

असा पेच पडला की शहाणी माणसं दोन जुनी उदाहरणं पुढे करतात. प्लुटार्कने सांगितलेलं थीसियसचं जहाज, ज्याच्या फळ्या अथेन्सवासी एकेक करून बदलत गेले. आणि 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातला रथ. भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो, चाक म्हणजे रथ का, आख म्हणजे रथ का, साटा म्हणजे रथ का? आणि शेवटी सांगतो की रथ हे या सगळ्यांच्या मेळाला व्यवहारासाठी दिलेलं नाव. दोन्ही दाखले थोर आहेत, पण दोहोंचा प्रश्न पूर्ण वस्तूचा आहे: ती तीच राहिली का? माझ्या टेबलावरचा प्रश्न भागाच्या बाजूचा होता: हा इथला आहे का?

भागाच्या बाजूने विचार करणारी गोष्ट आपल्याकडे आहे, ती वेताळाची. देवळात दोन पुरुषांची मुंडकी धडावेगळी होतात, आणि जिवंत करण्याच्या घाईत बायको नवऱ्याचं डोकं भावाच्या धडावर लावते. विक्रमादित्य निवाडा देतो की डोकं ज्याचं तो नवरा, कारण सर्व अंगांत डोकं श्रेष्ठ. टोमास मान याने १९४० मध्ये आणि गिरीश कार्नाड यांनी पुढे 'हयवदन'मध्ये ही गोष्ट राजाच्या निवाड्यापाशी थांबू दिली नाही. त्यांच्याकडे डोकं हळूहळू परक्या धडाला आपल्यासारखं करून घेतं. म्हणजे बसवलेलं रुळतं. पण दोघांच्याही गोष्टीत बदलाचा मुख्य ओघ डोक्याकडून धडाकडेच असतो. राजाचा निवाडा त्यांनी लांबवला, मोडला नाही. संग्राहकही विक्रमादित्यच होता म्हणा ना. कारखान्याचा शिक्का हे डोकं, आणि बाकीच्याने त्याच्यासारखं व्हायचं.

माझ्या कामापासून श्रीपेरुंबुदूर जवळ आहे. रामानुजाचार्यांचं हे जन्मगाव. परंपरा त्यांचा जन्म १०१७ चा मानते. जग हे ईश्वराचं शरीर आहे असं त्यांचं म्हणणं, आणि म्हणून 'श्रीभाष्या'त त्यांना आधी शरीर म्हणजे काय हे सांगावं लागलं. हात, पाय, डोळे अशी यादी ते देत नाहीत. चेतनाने ज्या द्रव्याला धारण केलं आहे, ज्याचं तो नियमन करतो, आणि ज्याचं स्वरूपच त्याच्यासाठी असण्याचं आहे, ते त्याचं शरीर, अशी त्यांची व्याख्या. यंत्राला चेतन नसतं, त्यामुळे ही व्याख्या ब्रशपट्टीला जशीच्या तशी लावणं हा आगाऊपणा होईल. तरीही तिच्यातली तिसरी अट मला सोडवेना. जे दुसऱ्यासाठी असण्यातच संपूर्ण आहे ते त्याचं अंग. उगम कुठला, हा प्रश्न त्या व्याख्येत येतच नाही.

या कसोटीने पाहिलं तर चित्र उलटं होतं. कारखान्यातून आलेली मूळ ब्रशपट्टी त्या नमुन्याच्या हजारो तोंडांत बसू शकते. तिचं मोठेपण तेच. ती कोणाची म्हणून नाही. आप्पांची सागवानी पट्टी मात्र जगात एकाच वस्तूत बसते, त्या एका वाकलेल्या तोंडात. बाकी कुठे ती निव्वळ लाकडाची ढलपी. मग त्या तोंडाची जास्त कोण?

इथे थांबलो असतो तर लेख सोयीचा झाला असता, पण माझं टेबल मला थांबू देत नाही. 'ज्याने काम भागतं आणि जो जीव लावून केलेला आहे तो भाग खरा', हे तत्त्व मी माझ्या कामात एक दिवसही पाळू शकत नाही. ब्रेकमधला चार आण्यांचा बनावट भाग बसतो, जुळतोही, आणि उतारावर माणूस मारतो. तो करणाऱ्यानेही कदाचित मेहनत घेतलेली असेल. वापरणाऱ्याला आत काय आहे हे माहीत नसतं. नाव आणि शिक्का पाहून तो जीव सोपवतो. म्हणून गेजची निर्दय आंधळी शिस्त हवी. तिच्यामुळेच अनोळखी माणसाने केलेल्या भागावर अनोळखी माणूस विश्वास टाकतो.

मग सागवानी पट्टी आणि बनावट ब्रेक यांत फरक कुठला? दोन्ही परके, दोन्ही बसलेले. मला दिसतो तो फरक एवढाच: पट्टीने आपण कोण हे लपवलेलं नाही. सागवान सागवानासारखं दिसतं, ताडाचा तंतू ताडासारखा. फुलीच्या खाचेचं मळसूत्र सरळ खाचेच्या तिघांत उघडंच आहे. जुन्या इमारतींच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये जी सनद झाली, तिच्यातही हाच धर्म सांगितला आहे: गहाळ भागाच्या जागी घातलेला नवा भाग एकंदरीत विसंगत दिसू नये, पण तो नवा आहे हे ओळखू यावं, म्हणजे इतिहासाच्या पुराव्यात खोट शिरत नाही. जुळवून घ्या, पण सोंग घेऊ नका. ठिगळाने ठिगळ असावं. नीट शिवलेलं ठिगळ ही वस्त्राची लाज नसते. लाज असते ती ठिगळ लावून कापड अखंड म्हणून विकण्याची.

नायलॉनचं चाक तेवढं मला अडलं. ते काळं होतं. मूळ चाकाशी जुळावं म्हणून काळं शोधलं, की दुकानात काळंच मिळालं? पहिलं असेल तर आप्पांनीही थोडं सोंग घेतलं होतं. घरातल्या वस्तूत, स्वतःच्या डोळ्यांना बरं दिसावं म्हणून घेतलेलं सोंग हे फसवणूक नाही, कारण तिथे फसणारा कोणी नाही. वस्तू विकायला निघते त्या क्षणी मात्र तेच काळेपण बोलायला लागतं, आणि ते काय बोलतं याची जबाबदारी विकणाऱ्यावर आणि तपासणाऱ्यावर येते. भाग तोच, नवा ऐकणारा आला की त्याचं खरंखोटं बदलतं. नीती वस्तूत नसून वस्तूबद्दल आपण दुसऱ्याला काय सांगतो यात आहे, असं मला त्या चाकाने शिकवलं.

निर्णय अम्मांनी घेतला, आणि आम्हा दोघांपेक्षा फार कमी शब्दांत. त्या तमिळमध्ये म्हणाल्या त्याचा अर्थ असा, की त्यांनी ते भाग यंत्र चालावं म्हणून केले होते, आम्ही पूजा करावी म्हणून नाही. ज्याला जुने हवेत त्याला जुने द्या, आणि काय काय बदललं ते लिहून द्या. 'पोदुम.' पुरे.

तसं केलं. बाहेरून आलेलं चाक आलं, पितळी पट्टी निघाली. मूळ ब्रशपट्टी खोबणीत बसली, पण वाकलेल्या टोकाला पोस्टकार्ड जाईल एवढी फट राहिली. मळसूत्र तर बसलंच नाही. आप्पांनी त्या भोकात मेट्रिक टॅप मारला होता, जुन्या आट्यांवर नवे आटे पडले होते, आणि कारखान्याचं मूळ मळसूत्र त्यात सैल फिरत राहिलं. तेवढ्या जागी मूळ भागच परका ठरला होता. अंगाने पाहुण्याला इतकं आपलंसं केलं होतं की घरचा परत आला तेव्हा त्याला जागा नव्हती. मान आणि कार्नाड यांच्या गोष्टींत डोकं धडाला बदलतं; इथे एका क्षुद्र मळसूत्राने धडच आपल्यासारखं करून घेतलं होतं. ते फुलीचं मळसूत्र आम्ही तिथेच ठेवलं आणि कागदावर फट, टॅप, बाहेरचे भाग, सगळं लिहिलं. संग्राहकाने कागद वाचून यंत्र घेतलं. किंमत थोडी उतरली. घराला रंग लागला.

उरलेले तीन भाग सहकाऱ्याने माझ्याकडे आणून दिले. आता ते कशातच बसत नाहीत. वाकडी सागवानी पट्टी, मोठं चाक, गुंडाळीचा आकार न सोडणारा पितळी पत्रा. माझ्या वहीतल्या रकान्यांत पास किंवा नापास असे दोनच शब्द चालतात आणि हे तिन्ही कुठल्याही गेजने नापासच होतील. पण वहीत 'शेरा' नावाचा एक रकाना असतो. बहुतेक वेळा तो रिकामा जातो. भाग कशासाठी केला होता, कोणाच्या मापाने, आणि त्याने कधी आपलं कूळ लपवलं का, हे लिहायला तेवढीच जागा आहे. यंत्रांच्या बाबतीत आपण ती भरत नाही याचं फारसं काही वाटत नाही. पण दूरदूरच्या गावांहून या वसाहतीत आलेल्या, बसलेल्या, धड न जुळलेल्या आणि तरी रुळलेल्या आम्हा माणसांबद्दलही लोक दोनच शब्द वापरू लागतात, तेव्हा तो रिकामा रकाना डोळ्यांत खुपतो.